उल्लेखगणना आणि भाषाशास्त्राचा नकाशा

अलीकडे भाषाशास्त्रांत एक निराळ्या प्रकारचे निबंध वारंवार पहावयास मिळतात. त्यांत कोणत्याहि भाषेचा विचार नसतो. त्या शास्त्रावर कोणीं, कोठें, किती लिहिलें आणि कोणीं कोणाचा आधार घेतला याची मोजदाद असते. या पद्धतीस ग्रंथमापन म्हणूं. तिचें सध्याचें इंग्रजी नांव १९६९ सालीं ॲलन प्रिचर्ड यानें रूढ केलें. परंतु ग्रंथालयशास्त्रज्ञ रंगनाथन् यांनीं १९४८ मध्येंच अशा मापनाची कल्पना मांडली होती. पोथ्या व सूची हाताळणाऱ्या वाचकांस तिचें मर्म कळण्यासाठीं परकीय उदाहरण घेण्याचें कारण नाहीं.

पाणिनीनें अष्टाध्यायींत दहा पूर्वाचार्यांचीं नांवें घेतलीं आहेत: आपिशलि, काश्यप, गार्ग्य, गालव, चाक्रवर्मण, भारद्वाज, शाकटायन, शाकल्य, सेनक आणि स्फोटायन. सूत्रें एकेक करून मोजलीं तर हीं नांवें १८ सूत्रांत मिळून २१ वेळां आलेलीं आढळतात. शाकल्य व गालव यांचे प्रत्येकीं ४ उल्लेख, शाकटायन व गार्ग्य यांचे ३, काश्यपाचे २, आणि उरलेल्या पांचांचा प्रत्येकीं एकच. गार्ग्य व गालव हे दोन सूत्रांत (७.३.९९ व ८.४.६७) बरोबरच येतात. शिवाय २१ पैकीं ८ उल्लेख आठव्या अध्यायाच्या शेवटल्या दोन पादांत, म्हणजे संधि, द्वित्व व स्वर यांच्या प्रकरणांत आहेत. पाणिनीच्या काळीं मतभेद कोणत्या भागांत दाट होता, याचा एक लहानसा नकाशाच येथें हातीं येतो.

आधुनिक ग्रंथमापक हेंच मोठ्या प्रमाणावर करतो. दोन ग्रंथकार एकाच निबंधांत बरोबर उल्लेखिले जाऊं लागले म्हणजे त्यांचा विषय जवळचा, हें तत्त्व हेन्री स्मॉल यानें १९७३ सालीं मांडलें. आपल्या गार्ग्य-गालवांस तें तंतोतंत लागू पडतें. लोटका यानें १९२६ मध्यें दाखविलें कीं, एखाद्या शास्त्रांत लिहिणाऱ्यांपैकीं शेंकडा साठांच्या आसपास लोक एकच निबंध लिहितात व फार लिहिणारे थोडेच असतात. ब्रॅडफर्ड यानें १९३४ मध्यें नियतकालिकांविषयीं तसाच नियम सांगितला: उपयुक्त लेखांचा मोठा वाटा मूठभर मासिकांत सांपडतो, उरलेले शेंकडों ठिकाणीं विखुरलेले असतात. सूचिकारास हा अनुभव नित्याचाच आहे.

परंतु संख्येवरून महत्त्व ठरवूं लागलें कीं घोटाळा होतो. आपिशलीचा उल्लेख एकदांच (६.१.९२) आहे आणि त्या सूत्रांत ‘वा’ हा शब्द असल्यामुळें विकल्प आधींच सिद्ध होतो, म्हणून आपिशलीचें नांव केवळ पूजार्थ आहे असें काशिकाकार म्हणतात. आदरार्थ दिलेला उल्लेख आणि आधारार्थ दिलेला उल्लेख यांतील हा भेद नुसत्या मोजणीस कळत नाहीं. तथापि आपिशल व्याकरण शिकणारे लोक महाभाष्यास ठाऊक आहेत आणि आपिशलीच्या नांवावरील शिक्षाग्रंथ आज छापील मिळतो. स्फोटायनाचेंहि नांव एकदांच; पण हरदत्त पदमंजरींत त्याचा संबंध स्फोटवादाशीं जोडतो, आणि त्या वादानें पुढें केवढें वाङ्मय व्यापिलें हें सांगावयास नको. उलट ‘प्राचाम्’, ‘उदीचाम्’, ‘एकेषाम्’ अशा नांवाविना आलेल्या उल्लेखांची गणना करणार कशी? टीकाकारांच्या ‘इति केचित्’ मागें तर कित्येक पंडित कायमचे लपलेले आहेत.

दुसरा दोष मापनाचा नव्हे, सामग्रीचा. विज्ञानविषयक उल्लेखसूची गार्फील्ड यानें १९६४ पासून छापली. कला व मानव्य विषयांची तशीच सूची १९७८ मध्यें निघाली. अशा भांडारांत प्रामुख्यानें इंग्रजी नियतकालिकें असतात. त्यांवरून काढलेल्या नकाशांत द्विभाषिकता, परभाषाशिक्षण, यंत्राच्या साहाय्यानें केलेला भाषाविचार हे विषय ठळक दिसतात यांत नवल नाहीं. आमच्या सोलापुरांतील जीवराज जैन ग्रंथमालेंत प. ल. वैद्य यांनीं संपादिलेलें त्रिविक्रमाचें प्राकृतशब्दानुशासन १९५४ सालीं निघालें. मराठीच्या पूर्वरूपांचा शोध घेणाऱ्यास तें हाताशीं हवें. परंतु ज्या भांडारांत निबंधच मोजले जातात, तेथें असें संपादन, त्याची प्रस्तावना व त्याची शब्दसूची बहुधा गळतात. मग ज्यांच्या नेमणुका व बढत्या अशा आंकड्यांवर ठरतात, त्या तरुण अभ्यासकांनीं पोथी संपादण्यांत दहा वर्षें कां घालवावीं? हा प्रश्न मला नुसता सूचिशास्त्राचा वाटत नाहीं.

उपाय जुनाच आहे: सूची विस्तृत करणें. कात्यायनाच्या सर्वानुक्रमणींत ऋषि, देवता व छंद सूक्तवार नोंदले म्हणूनच आपणांस ऋग्वेदाची मोजणी करतां येते. शं. ग. दाते यांनीं १८०० ते १९३७ पर्यंतच्या मराठी ग्रंथांची सूची एकट्याच्या उद्योगानें सिद्ध केली, रा. ना. दांडेकर यांच्या वैदिक सूचीचा पहिला भाग १९४६ मध्यें निघाला. युरोपांत भाषाशास्त्राची १९३९ ते १९४७ या वर्षांची सूची १९४९-५० मध्यें प्रसिद्ध झाली. जॉर्ज कार्डोना याचा पाणिनीवरील संशोधनाचा आढावा (१९७६) तर मोजणीबरोबर गुणदोषहि सांगतो, आणि म्हणूनच तो अधिक उपयोगी पडतो.

आपल्या संग्रहांत व्याकरण, कोश किंवा शिक्षा यांची पोथी असेल, तर तिच्या नोंदींत कर्ता, लेखक व पत्रसंख्या यांच्या जोडीला आंत उल्लेखिलेल्या आचार्यांचीं नांवें पत्रांकासह लिहावींत. नांवाविना आलेल्या मतांसाठीं निराळा रकाना ठेवावा. लेखनकाळ पोथींत असेल त्याच शकांत किंवा संवतांत प्रथम उतरावा व इसवी सन शेजारीं कंसांत द्यावा. पौष-माघांतील तिथींस शकांत ७८ मिळवून एक वर्षाची चूक होण्याचा संभव असतो, तेवढें पंचांगावरून ताडून पहावें.