सुट्या भागांची दुनिया – लेखांक ६ : पार्ट मिळत नाही? मग घडवा!

व्हिडिओ गेम पार्लरमधलं जुनं यंत्र बऱ्याचदा एखाद्या किरकोळ तुकड्यापायी अडून बसतं. कंपनीने तो पार्ट बनवणं कधीच बंद केलेलं असतं. अशा वेळी तो घडवण्यावाचून इलाज नसतो. मागच्या लेखात आपण मोजमाप पाहिलं. आज मापावरून वस्तू कशी तयार होते ते पाहू आणि त्यासाठी पुणे जिल्ह्यातल्या पाबळला जाऊ.

शिरूर तालुक्यातल्या या दुष्काळी पट्ट्यात डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये विज्ञान आश्रम सुरू केला. हिंदुस्थान लिव्हरच्या संशोधन केंद्रातलं काम सोडून ते इथे आले, ते खेड्यातल्या मुलांनी हाताने काम करत विज्ञान शिकावं म्हणून. २००२ मध्ये अमेरिकेतल्या एमआयटीचे नील गर्शेनफेल्ड यांच्या सहकार्याने इथे फॅब लॅब उभी राहिली. एमआयटीबाहेरच्या अगदी सुरुवातीच्या फॅब लॅबपैकी ही एक. लेसर कटर, थ्रीडी प्रिंटर, छोटं मिलिंग मशीन ही फॅब लॅबची नेहमीची सामग्री. शेजारीच वेल्डिंग नि फॅब्रिकेशन शिकवलं जातं, हे मला फार मोलाचं वाटतं. पार्ट घडवायला संगणक जितका लागतो, तितकाच कानस धरलेला हातही लागतो.

अशा लॅबमध्ये सहज होईल असा एक पार्ट घेऊ. १९८० च्या ‘पॅक-मॅन’ची जॉयस्टिक चारच दिशांना चालते. दांड्याखाली चौकोनी भोकाची एक पट्टी असते आणि तो चौकोन ४५ अंशांत तिरका बसवलेला असतो. त्यामुळे दांडा वर, खाली, डावीकडे, उजवीकडे एवढ्याच कोपऱ्यांत जाऊन टेकतो. ही पट्टी झिजली किंवा तिच्या जागी आठ दिशांची बसवली, की दांडा तिरका जातो आणि ऐन वळणावर पॅक-मॅन भलतीकडे वळतो.

जुनी पट्टी व्हर्नियरने मोजायची, पण झिजलेल्या कडेवर विश्वास ठेवायचा नाही. समोरासमोरच्या कडा ताडून मूळ माप काढायचं. मग खरी गोम येते. लेसरचा किरण कापताना थोडं मटेरियल जाळतो. तो ०.२ मिमी खात असेल आणि भोक २० मिमीचं हवं असेल, तर ड्रॉइंगमध्ये १९.८ ठेवावं लागतं. म्हणून आधी टाकाऊ तुकड्यावर चाचणी कट घ्यायचा. भोकाचे कोपरे किंचित गोल ठेवायचे. नवी पट्टी ॲक्रिलिकची असेल, तर तिला टोकदार कोपऱ्यातूनच तडा जातो. प्रिंट करायचं असेल तर पीएलए प्लास्टिक जपून वापरा. ते साठेक अंशांना मऊ पडतं आणि बंद पेटीत पिक्चर ट्यूबची ऊब असतेच.

सगळंच असं घडवता येत नाही. पिक्चर ट्यूब घरगुती कार्यशाळेत होणार नाही. पॅक-मॅनचा मेंदू असलेल्या झेड-८० प्रोसेसरचं उत्पादन बंद करत असल्याचं झायलॉग कंपनीने २०२४ मध्ये जाहीर केलं. त्याचं काम आता एफपीजीए चिपकडून, म्हणजे आतलं सर्किट हवं तसं रचता येणाऱ्या चिपकडून, करून घेता येतं.

तेव्हा मोडका पार्ट भंगारात टाकू नका. त्याचे सगळे तुकडे एका पिशवीत ठेवा, वर यंत्राचं नाव लिहा. आणि पार्ट जमला की त्याचं ड्रॉइंग दुसऱ्यालाही द्या.