गादीवरची शू आणि मांजराचा ‘सूड’

‘आम्ही चार दिवस गावाला गेलो, त्याचा राग काढला बघा,’ असं म्हणत लोक ओली गादी दाखवतात. मांजर मनात डूख धरतं, ही समजूत इतकी पक्की की वाळूचा ट्रे सोडून शू केली रे केली, की त्याच्यावर माजोरीपणाचा शिक्का बसतो. खरं तर ही बहुधा दुखण्याची किंवा धास्तीची खूण असते. घरात माणसं नसणं, पाहुण्यांची वर्दळ, रंगकाम, दिवाळीचे फटाके, नवं मांजर, अशा ताणानं मांजराच्या मूत्राशयाला सूज येते. दहा वर्षांखालच्या मांजरांत मूत्राशयाच्या तक्रारींचं सर्वाधिक आढळणारं कारण हेच, आणि त्यात बहुतेक वेळा जंतुसंसर्ग नसतोच. म्हणजे ‘इन्फेक्शन असेल’ म्हणून मनानं दिलेली अँटिबायोटिकची गोळी वाया जाते. घरातली पॅरासिटामॉल देणं तर जिवावर बेततं. मांजराला ती विषच.

शू करताना दुखलं, की मांजर ट्रेलाच घाबरू लागतं आणि मऊ, कोरडी जागा शोधतं. आपली गादी त्याला आयतीच सापडते. मुतखडा, मधुमेह, मूत्रपिंडाचा विकार हीसुद्धा कारणं असू शकतात. म्हणून आधी लघवीची तपासणी, मग वळण लावण्याच्या गोष्टी.

इथे एक गैरसमज फार महागात पडतो. बोका पुन्हा पुन्हा ट्रेत बसतो, कण्हतो, थेंबही येत नाही, आणि घरचे म्हणतात, ‘पोट साफ होत नसेल.’ बोक्याची मूत्रनलिका अरुंद असते, ती तुंबू शकते. तसं झालं तर रक्तातलं पोटॅशियम वाढून हृदय बंद पडतं, एक-दोन दिवसांत जीव जातो. एरंडेल पाजत बसू नका. रात्र असली तरी त्याला दवाखान्यात न्या.

भिंतीवर किंवा पडद्यावर उभ्यानं, शेपटी थरथरवत मारलेली पिचकारी हा प्रकार वेगळा. ती हद्दीची खूण. ‘हे फक्त बोकेच करतात’ हे खरं नाही, भाटीही करतात. नसबंदीनंतर बहुतेकांची ही सवय सुटते. तरी साधारण दहातला एक बोका ती चालूच ठेवतो.

‘ट्रे आहे की, मग तिथे का जात नाही?’ ट्रे कुठे आहे, ते आधी पाहा. बाल्कनीच्या कोपऱ्यात, धडधडणाऱ्या वॉशिंग मशीनशेजारी मन मोकळं कोण करेल? मांजरं जितकी, त्याहून एक ट्रे जास्त, तेही वेगवेगळ्या जागी, हा पशुवैद्यांचा नियम. वन बीएचकेत तो जड जातो, मान्य. पण दोन मांजरांत एकच ट्रे ठेवून तक्रार करण्यात अर्थ नाही. ट्रे मांजराच्या लांबीच्या दीडपट हवा, म्हाताऱ्या, सांधे धरलेल्या मांजरासाठी कड बुटकी हवी. घाण रोज काढावी. सुगंधी लिटर (ट्रेतली वाळू) आपल्याला आवडतं, बऱ्याच मांजरांना नाही.

नाक घासणं, चापट मारणं याचा उपयोग शून्य. मांजर शू करायचं थांबत नाही, फक्त आपल्यापासून लपून करू लागतं.

राहिलं फिनेल. आपल्याकडे वास मारायचा म्हणजे फिनेल, हे समीकरणच आहे. पण त्यातलं फिनॉल पचवण्याची यंत्रणा मांजराच्या यकृतात कमकुवत असते. पंजे चाटताना ते पोटात जातं. ब्लीचही नको, लघवीतल्या अमोनियाशी मिसळून त्यातून घातक वायू निघतो. साबणाच्या पाण्यानं लघवीतलं यूरिक आम्ल पुरतं जात नाही. आपल्याला वास येत नाही, मांजराला येतो आणि तीच जागा पुन्हा निवडली जाते. एन्झाइम असलेलं क्लीनर पाळीव प्राण्यांच्या दुकानांत मिळतं. ते ओतून लगेच पुसू नका, डागात मुरू द्या. गादी असेल तर आतल्या कापसापर्यंत.