मॅकडफ ऐकायचा तर मैफलीतला

'ब्रदर' जॅक मॅकडफ (१९२६–२००१) हा अमेरिकन जॅझ ऑर्गनवादक मुळात बास वाजवायचा. ऑर्गनकडे तो १९५०च्या दशकात वळला. ऑर्गनच्या चौकडीत बासवादक सहसा नसतो. ती बाजू ऑर्गनवादकाचा डावा हात आणि पाय सांभाळतात, उजवा हात सुरावट खेळवतो. त्यामुळे लय सर्वस्वी त्याच्या ताब्यात, आणि मागे रेंगाळणाऱ्या साथीदाराची धडगत नाही. जॉर्ज बेन्सन विशीच्या उंबरठ्यावर मॅकडफच्या ताफ्यात गिटार वाजवू लागला. रोज रात्री क्लबमध्ये ब्लूज वाजवत घडलेला हा हात पुढे जगभर गाजला.

ध्वनिमुद्रणांचा दर्जा मात्र खालीवर. १९६३ साली न्यूअर्कच्या 'फ्रंट रूम' क्लबमध्ये मुद्रित झालेली 'लाइव्ह!' आधी ऐकावी: बेन्सन, सॅक्सोफोनवर रेड हॉलोवे, ड्रम्सवर जो ड्यूक्स. 'रॉक कँडी' सुरू होताच श्रोते पेटतात आणि वादकांनाही चेव येतो. साठच्या दशकाच्या उत्तरार्धातल्या काही तबकड्यांत मोठ्या वाद्यमेळाने आणि फंकच्या ठरीव ठेक्याने ही धग झाकली आहे. त्या पहिल्यांदा ऐकून मॅकडफबद्दल मत बनवू नये. त्याच्यावर तो अन्याय होईल.