अर्धवट पेपर सिनियर प्राध्यापकांसमोर कसा मांडायचा?

कायद्यात पीएच.डी. करायची तर अपुरं काम घेऊन जाणत्या लोकांसमोर उभं राहावंच लागतं. यूजीसीच्या २०२२ च्या नियमांनुसार दर सत्राला संशोधन सल्लागार समितीसमोर प्रगती मांडायची असते. बरेच जण याला तोंडी परीक्षा समजतात आणि घाबरतात. खरं तर आपल्या प्रश्नात कुठे कच्चेपणा आहे, हे वेळेत कळावं म्हणून ही सोय आहे.

उदाहरण घेऊ. समजा, आमच्या फुलसावंगीच्या एका विद्यार्थिनीने ‘महिलांचे वारसाहक्क’ असा विषय मांडला. यावर फार तर "छान आहे, वाचन वाढवा" एवढंच ऐकायला मिळेल. तोच विषय असा मांडून बघा: ‘महागाव तालुक्यात २००५ नंतर बहिणींनी वडिलोपार्जित शेतीवर केलेली हक्कसोडपत्रं’. आता प्रश्न नेमके येतात.

"२००५ च का?" महाराष्ट्राने मुलींना सहदायक हक्क १९९४ मध्येच दिला होता. पण २२ जून १९९४ पूर्वी लग्न झालेल्या मुली त्यातून वगळल्या होत्या. केंद्राची दुरुस्ती ९ सप्टेंबर २००५ ला लागू झाली, त्यात ही अट नाही. म्हणजे मधल्या काळात एकाच घरातल्या दोन बहिणींचा हक्क वेगळा असू शकत होता. हे पेपरमध्ये यायलाच हवं.

"वडील आधीच वारले असतील तर?" सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये प्रकाश विरुद्ध फुलवती निकालात वडील २००५ ला हयात असणं आवश्यक मानलं. २०२० मध्ये विनीता शर्मा निकालाने ते रद्द ठरवलं. मग या दोन निकालांमधली हक्कसोडपत्रं वेगळी काढून तपासावी लागतील.

"पुरावा काय?" फेरफारावरून नाव कमी झाल्याचं कळतं. बहिणीने राजीखुशीने सही केली की माहेर तुटू नये म्हणून, हे कळत नाही. त्यासाठी मुलाखती लागतील.

आलेल्या सूचनांचे तीन गट करा. कायद्याची किंवा तारखेची चूक असेल तर लगेच दुरुस्त करा. पद्धतीबद्दलची शंका गाईडसोबत बसून सोडवा. तिसरा गट मतभेदांचा. तिथे ऐकलंच पाहिजे असं नाही, पण उत्तर दिलंच पाहिजे. डॉ. आंबेडकरांच्या ‘द प्रॉब्लेम ऑफ द रुपी’ची (१९२३) प्रस्तावना लंडनच्या प्रा. एडविन कॅनन यांनी लिहिली, आणि काही मुद्दे आपल्याला पटत नाहीत हे त्यातच सांगितलं. पुस्तकाचं त्याने काही बिघडलं नाही.

जाण्यापूर्वी एक पानी टिपण आधीच पाठवा आणि शेवटी तुमच्या दोन अडचणी लिहा. प्रश्न लिहून घ्यायला मित्राला बसवा. उभं राहून बोलताना निम्मं विसरायला होतं. आणि भाषेचा, गावाचा संकोच नको. निकाल समितीला तुमच्यापेक्षा जास्त माहीत असतील, पण आत्याने सातबाऱ्यावरचं नाव का सोडलं, हे तुम्हाला विचारता येतं.