माहिती चौकट : वृद्धाश्रम आणि कायदा

आई-वडील व ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाहासाठी केलेल्या 2007 च्या केंद्रीय कायद्याच्या कलम 19 नुसार राज्य शासन प्रत्येक जिल्ह्यात किमान 150 निराधार ज्येष्ठांसाठी, म्हणजे 60 वर्षे पूर्ण झालेल्या व निर्वाहाचे पुरेसे साधन नसलेल्यांसाठी, वृद्धाश्रम काढू शकते आणि त्याच्या व्यवस्थापनाचे निकष ठरवू शकते. मात्र शब्द ‘शकते’ असा आहे आणि मेख तिथेच आहे. कवठे महांकाळसारख्या तालुक्यात एखाद्या सार्वजनिक न्यासाने आश्रम चालवल्यास न्यासाची नोंदणी आणि लेखापरीक्षित हिशेब धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयाकडे जातात. मुले सांभाळत नसतील, तर प्रांताधिकारी किंवा वरच्या दर्जाच्या अधिकाऱ्यापुढील निर्वाह न्यायाधिकरणात ज्येष्ठांना साध्या अर्जाने दाद मागता येते, आणि हा अर्ज नोटीस बजावल्यापासून 90 दिवसांत निकाली काढणे बंधनकारक आहे.