बत्तीस किलोबाइटमधला खेळ

निन्टेन्डोचा गेम बॉय हा हातात धरून खेळायचा कन्सोल १९८९ साली जपानमध्ये बाजारात आला. त्याच्या पडद्यावर १६० गुणिले १४४, म्हणजे २३,०४० ठिपके होते आणि छटा फक्त चार. प्लेस्टेशन ५ सारखा आजचा कन्सोल ४के टीव्हीला सुमारे ८३ लाख ठिपक्यांचे चित्र पुरवतो; म्हणजे ३६० पट. मेमरीतली तफावत तर याहून अफाट : तिथे मुख्य मेमरी ८ किलोबाइट, इथे १६ गिगाबाइट.

एवढ्याशा जागेत खेळ बसवणे हेच खरे कसब. गेम बॉय पडद्याचे संपूर्ण चित्र साठवतच नसे. आठ बाय आठ ठिपक्यांचे तुकडे फरश्यांसारखे जोडून पडदा भरला जाई. विटेचा एकच तुकडा भिंतभर वापरता येई आणि त्याला अवघे १६ बाइट पुरत. म्हणूनच ‘टेट्रिस’ ३२ किलोबाइटच्या कार्ट्रिजमध्ये मावला. आजचा कन्सोल त्रिमितीय आकृत्यांवरचा प्रकाश आणि सावल्या सेकंदाला अनेकदा नव्याने मोजतो. काही खेळ तर १०० गिगाबाइटच्याही पुढे जातात.

रंग नसणे ही निव्वळ उणीव नव्हती. गेम बॉय घडवणाऱ्या गुनपेई योकोई यांच्या चमूने जुने, स्वस्त तंत्र मुद्दाम निवडले. सेगाच्या रंगीत, उजळ पडद्याच्या गेम गिअरला सहा सेल लागत आणि ते काही तासांत संपत. गेम बॉय चारच सेलवर कितीतरी जास्त वेळ चाले. अंधारात मात्र त्यावर काही दिसत नसे!

कार्ट्रिजमधली चूक कायमची राही. आता विक्रीनंतरही इंटरनेटवरून दुरुस्त्या पाठवता येतात; अर्धवट खेळ बाजारात आणण्याची खोडही त्यातूनच लागली.