खेळणाऱ्या लेकीच्या मेहनतीचा हिशेब

आमच्या प्रभागात गटाची बैठक संपली, की हल्ली एक विषय हमखास निघतो. "पोरगी कबड्डीला जाते, रात्री गुडघा धरून बसते. पाठवू की बंद करू?" आज आपण याच प्रश्नावर बोलू.

आधी एक गोष्ट सांगतो. खेळ बंद करा, असं आम्ही म्हणणार नाही. आपल्या रत्नागिरीच्या ऐश्वर्या सावंत आणि अपेक्षा सुतार महाराष्ट्राच्या खो-खो संघातून खेळल्या. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत खो-खोचा पहिला विश्वचषक झाला. त्यात आपल्या प्रियांका इंगळेच्या नेतृत्वाखाली भारताच्या मुलींनी अंतिम सामन्यात नेपाळला ७८-४० असं हरवलं. राज्याच्या सरकारी नोकऱ्यांत गुणवंत खेळाडूंसाठी ५ टक्के आरक्षण आहे. म्हणजे खेळातून पुढे वाट आहे. पण सोळाव्या वर्षी गुडघा गेला, तर ती वाट तिथेच अडते. म्हणून खेळ चालू ठेवायचा आणि शरीरही सांभाळायचं.

प्रो कबड्डीसारख्या स्पर्धेतल्या संघांकडे व्यायाम घेणारे आणि दुखापत बघणारे तज्ज्ञ असतात. कोणत्या खेळाडूवर किती ताण पडला, याची ते नोंद ठेवतात. त्यातली एक पद्धत इतकी सोपी आहे, की तिला वही आणि पेन पुरे. गटाचं जमाखर्चाचं पुस्तक लिहिणाऱ्या बाईला ती सहज जमेल.

सराव संपल्यावर अर्ध्या तासाने मुलीला विचारायचं, "आज किती जड गेलं? शून्य ते दहात सांग." शून्य म्हणजे काहीच नाही, दहा म्हणजे याहून जास्त जमलंच नसतं. तो आकडा सरावाच्या मिनिटांनी गुणायचा. ६० मिनिटं सराव आणि आकडा ४, तर त्या दिवसाचा भार २४०. असे चार दिवस झाले, की आठवड्याची बेरीज ९६०.

आता तालुक्याची स्पर्धा जवळ आली. सरांनी सराव दोन तासांचा केला आणि मुलगी म्हणाली, "आज आठ." १२० गुणिले ८, म्हणजे ९६०. आधीच्या अख्ख्या आठवड्याचा भार एका दिवसात! बऱ्याच दुखापती अशा वेळी होतात. मेहनत वाईट नसते, एकदम वाढलेली मेहनत वाईट. स्नायू, शिरा आणि हाडं हळूहळू घट्ट होतात, त्यांना आठवडे लागतात. म्हणून दर आठवड्याला थोडंथोडंच वाढवायचं, आठवड्यातून एक दिवस पूर्ण सुट्टी द्यायची आणि सामन्याआधीचे दोन-तीन दिवस सराव कमी करायचा. आजारपणात किंवा परीक्षेत महिनाभर खंड पडला असेल, तर पुन्हा थोड्यापासून सुरुवात करायची.

या वहीत आणखी एक रकाना आपणच घालायला हवा. मोठ्या संघातल्या खेळाडूला सरावानंतर विश्रांती मिळते. आपली मुलगी सराव करून येते आणि हंडा उचलते. आषाढात दिवसभर वाकून लावणी करते आणि संध्याकाळी मैदानावर जाते. पाय तेच, कंबरही तीच. त्यामुळे घरकामही तिथे लिहा. ज्या दिवशी सराव जड, त्या दिवशी पाणी भावाने आणलं तर काय बिघडतं? झोपही लिहा. या वयाच्या मुलीला रात्री ८ ते १० तास झोप लागते.

आता दुखण्याबद्दल. मांड्या-पोटऱ्या भरून आल्या, तर दोन-तीन दिवसांत आपोआप बरं वाटतं. पण सांधा सुजला, गुडघ्यात कट्ट आवाज होऊन पाय लटकला किंवा एकाच जागी रोज दुखतं, तर खेळ थांबवा. जोरात चोळू नका, कापडात बर्फ गुंडाळून लावा आणि हाडांच्या डॉक्टरांना दाखवा. पळता पळता एकदम वळणं, उडी मारून उतरणं, यात मुलींच्या गुडघ्याला मुलांपेक्षा जास्त धोका असतो.

पाळी तीन महिने चुकली, तर "खेळते म्हणून असेल" असं म्हणून सोडू नका. मेहनतीच्या मानाने खाणं कमी पडतंय, याची ती खूण असू शकते. मुलगी सारखी दमत असेल, तर रक्त तपासून घ्या. हिमोग्लोबिन १२ च्या खाली असेल, तर डॉक्टरांशी बोला. सरावाआधी नाचणीची भाकरी किंवा पेज, नंतर कुळीथ, अंडं, मासळी, वर लिंबू किंवा आवळा. चहा जेवणासोबत नको.

आणि मनाचा ताण. ३० ऑक्टोबर २०२५ ला नवी मुंबईत विश्वचषकाच्या उपांत्य सामन्यात मुंबईच्या जेमिमा रॉड्रिग्जने ऑस्ट्रेलियाविरुद्ध नाबाद १२७ धावा केल्या. सामन्यानंतर तिने सगळ्यांसमोर सांगितलं, की या स्पर्धेत आपल्याला फार घालमेल व्हायची, आईला फोन करून आपण रडायचो. मधे तिला एका सामन्यात वगळलंही होतं. इतकी मोठी खेळाडू रडते, मग आपली मुलगी हरल्यावर रडली तर ती कमजोर कशी? चिडचिड, झोप उडणं, जेवण नकोसं होणं, मैदानावर जायलाच नको वाटणं, हे दिसलं की त्या दिवशी "जिंकलीस का?" विचारू नका. "जेवलीस का?" विचारा, आणि ती बोलेल तेवढं ऐका.

सरांना सांगायला संकोच वाटतो, हे आम्हाला माहीत आहे. एकटीने जाऊ नका. मुली खेळणाऱ्या तिघी-चौघी आया मिळून वही घेऊन जा. "पोरगी दमते" म्हटलं, तर सर हसून सोडून देतील. "मागच्या आठवड्याची बेरीज ९६० होती, या आठवड्यात तिप्पट झाली" म्हटलं, की त्यांनाही विचार करावा लागेल. पुढच्या बैठकीला येताना ही वही सोबत आणा, हिशेब आपण मिळून तपासू.